मज्जातंतू आणि वैशाखाचे ऊन

सुरतेहून भुसावळकडे निघालेली जलद गाडी आमच्या खांडबाऱ्याच्या फलाटाकडे ढुंकूनही न पाहता जेव्हा धडधडत निघून जाते, तेव्हा पॅसेंजरची वाट पाहत बसलेल्या मंडळींना तिचा हेवा वाटत असला, तरी अशाच जलद गाड्या आपल्या देहात अहोरात्र धावत आहेत, याची जाणीव त्यांतील क्वचितच कोणाला असेल. मज्जातंतूंवर मायलिन नामक स्निग्ध द्रव्याचे वेष्टण असते आणि त्यात ठरावीक अंतरावर बारीक खंड असतात. संदेश एका खंडावरून थेट दुसऱ्यावर उडी घेत जात असल्यामुळेच तो सेकंदाला १०० मीटरपर्यंतचा वेग गाठू शकतो. उघड्या तंतूत हाच वेग जेमतेम मीटरभर!

मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधीत शरीराची रक्षक सेनाच या वेष्टणावर उलटते, आणि मेंदूत व मज्जारज्जूत ते जेथे जेथे सोलले जाते तेथे कठीण चट्टे उरतात. पॅरिसच्या शार्को या वैद्याने १८६८ साली त्यांवरूनच रोगाचे वर्णन केले. चट्टा पडेल तसे लक्षण : कोणाचा डोळा दुखून अंधारतो नि तांबडा रंग फिका दिसू लागतो, कोणाचा पाय जड होतो, तर कोणी मान खाली घालताच पाठीतून वीज सळसळत जाते. बहुधा ऐन तारुण्यात आणि स्त्रियांना अधिक गाठणारे हे दुखणे पुष्कळदा काही आठवड्यांत ओसरते व पुन्हा उलटते.

सोललेल्या तंतूला उष्णता सोसत नाही. देहाचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी अडखळत चाललेला संदेश वाटेतच थांबतो, आणि अंग निवले की पुन्हा चालू लागतो. एके काळी तर रुग्णाला ऊन पाण्याच्या टबात बसवून रोगाची परीक्षा करीत. मग वैशाखात जेथे पारा चाळिशी ओलांडतो त्या आमच्या मुलखात सकाळी चालणारा माणूस दुपारी भिंत धरू लागला आणि दिवेलागणीला पुन्हा सावरला, तर शेजारीपाजारी त्यास ढोंगी म्हणणार, हे ओघानेच आले.

हा रोग आपल्याकडे विरळा; मुंबईच्या डॉ. नोशीर वाडिया यांनी मात्र पारशी समाजात तो अधिक आढळतो असे १९९० साली दाखवून दिले. २०१६च्या दिव्यांगहक्क कायद्याने त्याची नोंद आमच्या जिल्ह्याला पुरेपूर परिचित असलेल्या सिकलसेलच्याच परिशिष्टात केली आहे. तेव्हा दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी अर्ज घेऊन आलेला इसम सकाळच्या गारव्यात ताठ उभा दिसला, तर त्यास दुपारी दोन वाजताही एकवार पाहावे.