भाड्याचे जहाज आणि बारशाची वाट

जुलैच्या दुपारी दोह्यात बसून बर्फावर लेख लिहायचा म्हटल्यावर वाचक हसणार, हे ठाऊक आहे. आपला बर्फाशी संबंध पन्ह्याच्या ग्लासापुरता! पण मी बरीच वर्षे जहाजदुरुस्तीच्या धंद्यात असल्याने मंडळाच्या मेळाव्यात जहाजांविषयीचे प्रश्न माझ्याकडे येतात. परवा नववीतल्या एका मुलीने विचारले, "काका, अंटार्क्टिकावर भारताचे तळ आहेत, मग तिथे जाणारं जहाज आपलं का नाही?" प्रश्न नेमका होता. उभ्या उभ्या उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेख.

भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली एकवीस जण ९ जानेवारी १९८२ रोजी बर्फावर उतरले. त्यांना नेणारे 'पोलर सर्कल' हे जहाज नॉर्वेचे होते, भाड्याने घेतलेले. पुढे 'दक्षिण गंगोत्री', 'मैत्री' (१९८९) आणि 'भारती' (२०१२) हे तळ उभे राहिले. २०२१ च्या जानेवारीत चाळिसावी मोहीम गोव्याहून निघाली, तीही 'वासिली गोलोव्निन' या रशियन जहाजातून. चाळीस वर्षांत तळ आपले झाले, जहाज मात्र भाड्याचेच राहिले.

भाड्याच्या घरात राहण्याचा अनुभव आपल्या आखाती मंडळींना सांगायला नको. भिंतीत खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावे लागते. जहाजाचेही तसेच. ते प्रामुख्याने मालवाहू असते. रसद आणि इंधन पोचवते. पण वाटेत चार दिवस थांबून समुद्रतळाचा गाळ काढू, बर्फाखालचे पाणी तपासू, असे ठरवले तर भाड्याचे मीटर पळत असते. शिवाय तिथला उन्हाळा मोजक्या महिन्यांचा. जहाज वेळेवर मिळाले नाही, तर त्या वर्षीचे काम हातचे जाते.

मग स्वतःचे का बांधत नाही? त्यासाठी हे जहाज कसे असते ते पाहू. आईसब्रेकर पुढे पाते लावून बर्फ कापत जातो, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात तो बर्फ कापत नाही, बर्फावर चढतो! त्याची नाळ, म्हणजे पुढचा भाग, खालून तिरकी घडवलेली असते. इंजिनाच्या जोरावर जहाज थरावर चढते आणि त्याच्या हजारो टन वजनाखाली थर मोडतो. तुकडे बाजूला सरकावेत म्हणून बूड गोलसर, पत्रा जाड, आतल्या फासळ्या जवळजवळ. पंखा आणि सुकाणू बर्फाचा मार सोसणारे. जहाज अडकलेच, तर टाक्यांतले पाणी पंपाने या बाजूचे त्या बाजूला फिरवून त्याला डोलवतात आणि सोडवतात. मात्र त्याच गोल बुडामुळे मोकळ्या समुद्रात ते पाण्यात टाकलेल्या नारळासारखे हेलकावते आणि मुरलेल्या खलाशांनाही पोट धरायला लावते.

असे जहाज बांधणे सोपे नाही. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने 'पोलर स्टार' हा आपला मोठा आईसब्रेकर १९७६ मध्ये सेवेत घेतला. त्याच्या जोडीला 'पोलर सेंटिनेल' बांधण्याचे कंत्राट २०१९ मध्ये दिले गेले आणि बांधकाम सुरू करण्याची मंजुरी मिळायला २०२४ चा डिसेंबर उजाडला. आपल्याकडे २०१४ मध्ये ध्रुवीय संशोधन जहाजासाठी सुमारे १,०५१ कोटी रुपये मंजूर झाले होते. पण ते काम पुढे सोडून द्यावे लागले. २०२३ मध्ये संसदेत नव्या प्रस्तावाचा अंदाज सांगितला गेला तो सुमारे २,६०० कोटींचा. जून २०२५ मध्ये कोलकात्याची गार्डन रीच गोदी आणि नॉर्वेची कोंग्सबर्ग कंपनी यांच्यात ऑस्लो येथे सामंजस्य करार झाला. म्हणजे कुंडली जुळली, लग्न आणि बारसे अजून व्हायचे आहे!

बारशाचा विषय निघालाच आहे. जपानमध्ये नौदलाच्या जहाजाला माणसाचे नाव देत नाहीत. १९८२ च्या आईसब्रेकरला त्यांना संशोधक शिरासे यांचे नाव द्यायचे होते. त्यांनी युक्ती केली: शिरासेंच्या नावाची एक हिमनदी होती, तिचे नाव जहाजाला दिले. ब्रिटनने २०१६ मध्ये लोकांची मते मागवली, तर 'बोटी मॅकबोटफेस', म्हणजे आपल्याकडे 'होडीराव होडकर' म्हणावे तसे नाव लाखावर मतांनी पहिले आले. सरकारने जहाजाला सर डेव्हिड ॲटनबरो यांचे नाव दिले आणि होडीराव एका छोट्या पाणबुडी यंत्राच्या वाट्याला आले. ऑस्ट्रेलियाने शाळेतल्या मुलांना विचारले आणि टास्मानियाच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतले 'नुयिना', म्हणजे दक्षिणेचा प्रकाश, हे सुरेख नाव मिळवले.

नावाने काय होते, असे कोणी म्हणेल. २००४ मध्ये इथल्या रास लफानहून दहेजला द्रवरूप वायू नेण्यास सुरुवात झाली, ती 'दिशा' या जहाजाने. मागून 'राही' आणि 'असीम' आली. परक्या बंदरात मोठ्या जहाजावर 'दिशा' हे नाव वाचताना छाती कशी भरून येते, ते तिथे उभे राहिल्याशिवाय कळायचे नाही.

आपल्या ध्रुवीय जहाजाला 'ध्रुव' शोभले असते. पण ते नाव २०२१ मध्ये नौदलाच्या जहाजाला देऊन झाले आहे. माझे मत 'गंगोत्री'ला. निवृत्त जहाजाचे नाव नव्याला देण्याची दर्यावर्दी रीत आहे आणि 'दक्षिण गंगोत्री' हा आपला पहिला तळ केव्हाच बर्फाखाली गेला. निदान त्याचे नाव तरी बर्फ फोडून वर यावे.

त्या नववीतल्या मुलीला मी हेच सांगणार आहे. तिला दुसरे नाव सुचले, तर तिने ते आताच लिहून ठेवावे. कोणी सांगावे, उद्या आपल्याकडेही मुलांना विचारतील!