गोंझागा खेळाडू कुठून आणतं?

अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल बघणाऱ्यांनी गोंझागा विद्यापीठाची खेळाडूभरती नक्की अभ्यासावी! ते जिथे आहे ते स्पोकेन हे वॉशिंग्टन राज्यातलं आडबाजूचं शहर, विद्यापीठ छोटं, आणि फुटबॉलचा संघ 1941 नंतर नाहीच. म्हणजे मोठ्या विद्यापीठांना फुटबॉलमधून मिळणारा टीव्हीचा पैसाही नाही. देशातली नावाजलेली शाळकरी पोरं ड्यूक, केंटकीकडे जाणार हे ठरलेलंच.

मग प्रशिक्षक मार्क फ्यू आणि तेव्हाचे त्यांचे सहायक टॉमी लॉईड यांनी परदेशात शोध सुरू केला. फ्रान्सचा तुरियाफ, पोलंडचा कार्नोव्स्की, लिथुआनियाचा साबोनिस. जपानचा रुई हाचिमुरा 2016 मध्ये आला तेव्हा त्याला इंग्रजी जेमतेम येत होतं. पहिल्या वर्षी तो फारसा खेळलाही नाही. 2019 च्या एनबीए ड्राफ्टमध्ये तोच नवव्या क्रमांकावर निवडला गेला!

मला सर्वांत जास्त भावतो तो गोंझागाचा धीर. कॅनडाच्या केली ओलिनिकने दोन हंगाम खेळल्यावर एक अख्खं वर्ष सामन्यांबाहेर राहून फक्त सराव केला, ताकद कमावली. परतला तो देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंत गणला जाण्याइतका तयार होऊन. घाईने निकाल मागणाऱ्या ठिकाणी हे घडलं असतं का?

2017 आणि 2021, दोनदा गोंझागा राष्ट्रीय अंतिम फेरीत पोहोचलं. विजेतेपद अजून बाकी आहे.