पणजोबा कुणाच्या बाजूने लढले?

ऑगस्ट आला की शाळेत निबंध ठरलेला. 'स्वातंत्र्यलढ्यात माझ्या तालुक्याचा वाटा.' वाळवा तालुक्यातल्या पोराला या निबंधात काय लिहू, असा प्रश्न पडत नाही. येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील आहेत, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी आहेत, कुंडल तर हाकेच्या अंतरावर. पोरगं मान खाली घालून लिहीत असतं आणि मधेच विचारतं, "आई, आपले पणजोबा तवा कुठं होते?"

फोटो समोरच भिंतीवर असतो. बाबासाहेबांच्या फोटोच्या जरा खाली. खाकी हाफपँट, पायांना पट्ट्या गुंडाळलेल्या, छातीवर दोन बिल्ले. पणजोबा तेव्हा पलटणीत होते. म्हणजे इंग्रजांच्या बाजूने? आईला उत्तर सुचत नाही. "आधी जेव बघू," म्हणून ती ताट पुढे सरकवते.

आमच्या वस्त्यांतून हा प्रश्न असा अर्धवट सुटत आला आहे. खरे तर तो आईने एकटीने सोडवायचा प्रश्नच नाही. दुसऱ्या महायुद्धाकडे कसे पाहायचे, यावर गेली तीस-पस्तीस वर्षे इतिहासकारांनी बरेच फेरविचार केले आहेत. त्यांतले थोडे आपल्या घरापर्यंत यायला हवे.

आधी काय घडले ते पाहू. सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. हा सगळा मुलूख सातारा जिल्ह्यात होता. दक्षिण सातारा १९४९ साली वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईला 'चले जाव'चा ठराव झाला आणि सप्टेंबरात इकडे मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. तासगावला ३ सप्टेंबरला, वडूजला ९ ला, इस्लामपूरला १० ला. वडूजला गोळ्या झाडल्या, इस्लामपुरातही झाडल्या. इस्लामपुरात किर्लोस्करवाडीचे इंजिनिअर उमाशंकर पंड्या आणि कामेरीचे विष्णू बारपटे हे दोघे पडले. पुढे १९४३ ते ४६ या काळात नाना पाटलांचे प्रतिसरकार चालले. सावकार आणि गावगुंडांना जरब बसली, न्यायनिवाडे गावातच होऊ लागले, कमी खर्चात लग्ने लागली. हा इतिहास मोठाच आहे. त्याचे श्रेय कुणी कमी करू नये.

त्याच वेळी बेळगावला दुसरे काही चालले होते. १ ऑक्टोबर १९४१ रोजी तिथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. टोपीवरच्या बिल्ल्यावर 'महार' ही अक्षरे आणि भीमा-कोरेगावचा विजयस्तंभ. आमच्या सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या तरुणांना बेळगाव लांब नव्हते.

ते का गेले, हे कळायला पन्नास वर्षे मागे जावे लागते. मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपाई पिढ्यान् पिढ्या होते. १८९२ च्या सुमारास 'लढाऊ जाती' नावाचे खूळ इंग्रज सेनापतींच्या डोक्यात शिरले आणि महारांची भरती बंद झाली. शंभर वर्षे रणांगणात चाललेला माणूस एका फतव्याने लढाऊ राहिला नाही! गोपाळबुवा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली पुन्हा मागणी केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभारली आणि युद्ध सरल्यावर १९२१ साली मोडून टाकली. फिलिप कॉन्स्टेबल या अभ्यासकाने २००१ साली हा सगळा प्रकार कागदपत्रांवरून मांडला. भरती बंद होणे म्हणजे एका समाजाच्या हातून पगार, शाळा आणि मान एकदम निसटणे होते, हे त्यावरून उमगते.

शाळा म्हटली की साताऱ्याचे नाव आलेच. सुभेदार रामजी पलटणीच्या शाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर ते साताऱ्याला आले आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा तिथल्या सरकारी शाळेत दाखल झाला. लष्करात शिपायाच्या मुलांना सक्तीचे शिक्षण होते. ते नसते तर पुढचे काय झाले असते, याचा विचार करून पाहावा.

आणि गावात काय होते? महारकी. सरकारी टपाल पोचवा, मेलेली जनावरे ओढा, अधिकारी आला की त्याच्या घोड्यापुढे पळा आणि मोबदल्यात दारोदार भाकरी मागा. ही वतने कायद्याने गेली ती १९५८ सालच्या कायद्यानंतर. १९४१ साली ज्या तरुणाला महिन्याला रोख पगार, अंगावर कपडा आणि घरी मनिऑर्डर करण्याची सोय मिळत होती, त्याने बेळगावची वाट धरली. तो इंग्रजांच्या प्रेमात पडला होता, असे ज्याला वाटते त्याने एकदा महारकी करून पाहायला हवी होती.

बाबासाहेबांची भूमिका यापेक्षा पुढची होती. १९४१ साली ते संरक्षण सल्लागार मंडळावर गेले आणि जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. म्हणजे 'चले जाव'च्या आधी जेमतेम महिनाभर. मुंबई रेडिओवरून त्यांनी कामगारांना सांगितले की हे युद्ध जिंकलेच पाहिजे. नाझी जिंकले तर स्वातंत्र्य, समता, बंधुता या तिन्हींना जगात थारा उरणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. हिटलरच्या छळछावण्यांचा पूर्ण हिशेब जगापुढे आला तो नंतर, १९४५ साली.

तरीही स्वातंत्र्यानंतर इतिहास लिहिला गेला तो दोन रकान्यांत. एका रकान्यात तुरुंगात गेलेले देशभक्त, दुसऱ्यात बाकी सगळे. १९९७ साली अरुण शौरी यांनी तर बाबासाहेबांवरच इंग्रजधार्जिणेपणाचा ठपका ठेवणारे पुस्तक काढले आणि महाराष्ट्र पेटला. सभा झाल्या, निषेध झाले. पण निषेधापेक्षा पक्के उत्तर अभ्यासकांनी दिले.

त्यांतल्या एक आपल्याच तालुक्यातल्या. गेल ऑम्वेट जन्माने अमेरिकन. त्या कासेगावच्या सून झाल्या आणि २०२१ साली कासेगावातच त्यांनी शेवटचा श्वास घेतला. त्यांनी प्रतिसरकारवरही लिहिले आणि १९९४ साली आंबेडकरी चळवळीवरही मोठा ग्रंथ लिहिला. प्रतिसरकारची मुळे सत्यशोधक चळवळीत आहेत हे दाखवणारी बाई दलितांच्या लढ्याला स्वातंत्र्यलढ्याच्या पायरीवर बसवत नाही, त्याला स्वतःचा लढा मानते. एकाच लेखणीने हे दोन्ही झाले, याचे मला अप्रूप वाटते.

नंतर यास्मिन खान यांचे पुस्तक २०१५ साली आणि श्रीनाथ राघवन यांचे २०१६ साली आले. या युद्धात सुमारे पंचवीस लाख हिंदी माणसे फौजेत होती. त्यांच्यावर सक्ती नव्हती. पण पोटाची सक्ती होती, ती या पुस्तकांतून दिसते. माणसे कमी पडू लागली तेव्हा 'लढाऊ जाती'चे खूळ इंग्रजांनाच गुंडाळून ठेवावे लागले. महार रेजिमेंट झाली, १९४३ साली चमार रेजिमेंट झाली. चमार रेजिमेंट १९४६ साली मोडली गेली. वापरायचे आणि मोडायचे, हा खाक्या जुनाच. मराठा पलटणीतले यशवंत घाडगे १९४४ साली इटलीत पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि त्यांचा पुतळा माणगावच्या तहसील कचेरीपुढे उभा आहे. त्यांना कुणी देशद्रोही म्हटल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. मग आमच्याच पेन्शनरांना खाली मान का घालावी लागते?

फेरविचार करायचा तर तो आपल्यालाही बोचणारा हवा. युद्धाच्या काळात, १९४३ साली, बंगालमध्ये सुमारे तीस लाख माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली. मेले ते बहुतेक भूमिहीन मजूर, मासेमार, कारागीर. म्हणजे आपलीच माणसे. त्या सरकारच्या युद्धनीतीवर आज इतिहासकार उघड बोट ठेवतात, आणि त्या सरकारात बाबासाहेब होते. कोळसा कमी पडला म्हणून त्याच वर्षी बायकांना खाणीच्या पोटात उतरवायची बंदी सरकारने उठवली, ती १९४६ पर्यंत. खाते बाबासाहेबांचे होते. बायकांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल, हे त्यांनी विधिमंडळात सांगितले. तरी निर्णय अवघडच होता. हे लपवले तर आपणही दोन रकान्यांचाच इतिहास लिहू.

सत्तेत राहून त्यांनी काय मिळवले, तेही मांडायला हवे. १९४३ साली केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींना शेकडा ८.३३ जागा राखीव झाल्या. शिष्यवृत्त्या सुरू झाल्या, काही मुले परदेशी शिकायला गेली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडले, ते मरीन लाइन्सजवळच्या लष्करी बराकींत. युद्ध संपले आणि शिपायांच्या खोल्यांत आमची पोरे पुस्तके घेऊन बसली.

बाजूंचे म्हणाल तर त्या इतक्या सरळ नव्हत्याच. फेब्रुवारी १९४६ मध्ये शिराळ्याकडे मणदूरच्या रानात पोलिसांशी लढताना किसन अहिर पडले आणि त्यांच्याबरोबर नानकसिंग पडला. हा पंजाबी गडी आझाद हिंद सेनेतला. प्रतिसरकारच्या पोरांना लष्करी शिक्षण द्यायला वाळव्याला आलेला. त्याच महिन्यात मुंबईत इंग्रजांच्याच आरमारातले खलाशी उठले. पुढच्या वर्षी फाळणीच्या आगीत निर्वासितांच्या तांड्यांना महार पलटणींनी पहारा दिला. आणि १९५७ साली नाना पाटील साताऱ्यातून लोकसभेवर गेले, ते संयुक्त महाराष्ट्र समितीतर्फे. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन त्या समितीत होती. पलटणीतून परतलेल्या कितीतरी घरांनी त्या वेळी क्रांतिसिंहांना मत दिले असेल.

युद्ध संपताच हजारो शिपायांना घरी पाठवले. पंधरा वर्षांची नोकरी भरली नाही, त्यांना पेन्शन नाही. गावात परत आल्यावर पुन्हा तीच महारकी पुढे आली आणि अनेकांनी ती नाकारली. हे कोणत्याही सरकारी दप्तरात नीट नोंदलेले नाही. ते आजीला ठाऊक असते: मनिऑर्डर कधी यायची, पत्र कोण वाचून दाखवायचे, आजोबांनी पाटलाला काय सुनावले.

ट्रंकेत डिस्चार्ज बुक असेल तर काढून ठेवा. त्यात नंबर, भरतीची तारीख आणि पलटणीचे नाव असते. आजी जागी असेल तर पोराला वही घेऊन तिच्याजवळ बसू द्या. निबंध दोन दिवस उशिरा दिला तरी चालेल, गुरुजींना तसे सांगता येईल.