एक वाजला की सगळे वाजले पाहिजेत

ब्रिस्बेन व आसपासच्या उपनगरांत घरे घेऊन स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींपाशी १ जानेवारी २०२७ या मुदतीचा विषय काढला, की एक उत्तर हमखास ऐकू येते: 'आमच्या पॅसेजमध्ये स्मोक अलार्म आहे, बटण दाबले की चांगला ठणाणा करतो, म्हणजे कायद्याची पूर्तता झालीच.' या उत्तरातील आत्मविश्वास वाखाणण्याजोगा असला, तरी क्वीन्सलँडच्या कायद्यापुढे ते टिकत नाही. आणि ते इतक्यांदा कानी पडते, की त्याचा समाचार विस्ताराने घेणे प्राप्त आहे.

ऑगस्ट २०११ मध्ये ब्रिस्बेनच्या दक्षिणेस स्लॅक्स क्रीक येथील एका घराला रात्री आग लागून ११ माणसे मृत्युमुखी पडली. त्या दुर्घटनेच्या न्यायिक चौकशीतील शिफारशींना अनुसरून २०१६ साली राज्याच्या विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली, आणि १ जानेवारी २०१७ पासून तिचा टप्प्याटप्प्याने अंमल सुरू झाला: प्रथम नवी व मोठे फेरफार होणारी घरे, २०२२ पासून विकली वा भाड्याने दिली जाणारी, आणि २०२७ पासून मालक स्वतः राहतो तीही. प्रत्येक शयनगृहात एक, शयनगृहांना उरलेल्या घराशी जोडणाऱ्या पॅसेजमध्ये एक, आणि ज्या मजल्यावर शयनगृहच नाही तेथे बाहेर पडण्याच्या वाटेवर एक, अशी तीत तजवीज असून, हे सारे अलार्म परस्परांशी असे जोडलेले असावेत, की एकाने धूर ओळखताच सगळे एकदम वाजावेत.

हा सरकारी सोस नव्हे. धुराच्या वासाने आपण जागे होऊ, हा भरवसा फोल आहे, कारण निद्रिताचे घ्राणेंद्रिय त्याला उठवण्यास बहुधा असमर्थ असते. आणि खालच्या मजल्यावर कपडे धुण्याच्या खोलीत पेट घेतला, तर धूर वरच्या पॅसेजपर्यंत चढेतो जिन्याची वाट बंद झालेली असू शकते, शिवाय पॅसेजमधला तो आवाज बंद दारापलीकडे क्षीण होऊनच पोहोचतो. जोडणी ही मधली मोलाची मिनिटे वाचवते. आता बटण दाबून काय कळते? घंटा वाजते, इतकेच; दुसऱ्या टोकाच्या खोलीतली वाजली की नाही, हे तेथे जाऊनच पाहावे लागते.

जोडणीसाठी छत फोडून तारा ओढाव्या लागतात, ही भीतीही निराधार आहे: दहा वर्षे टिकणाऱ्या, न काढता येणाऱ्या बॅटरीचे अलार्म रेडिओलहरींनी एकमेकांशी बोलतात, त्यांना वायफाय लागत नाही. मात्र जुना अलार्म घरच्या विजेवर चालणारा असेल, तर त्याच्या जागी विजेवरचाच बसवावा लागतो, आणि ते काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचे. निरनिराळ्या कंपन्यांचे बिनतारी अलार्म स्वस्तात गोळा करणाऱ्यांनी ते परस्परांना ओळखतात की नाही, याची आधी खातरजमा करावी.

'फोडणी घातली की केकाटतो' म्हणून बॅटरी काढून ठेवणारे महाभाग भेटतात. त्यांचा अलार्म पुष्कळदा जुन्या आयनीकरण पद्धतीचा असतो. कायद्याला एएस ३७८६:२०१४ या मानकाचा, प्रकाशकिरणांवर चालणारा अलार्मच मान्य आहे, आणि तो फोडणीला तुलनेने कमी बिथरतो. अलार्म आयुष्यभर टिकतो, हेही खोटे; निर्मितीला दहा वर्षे झाली की तो बदलावाच लागतो. आणि जागा मिळेल तेथे तो चिकटवून चालत नाही: छताच्या कोपऱ्यापासून व दिव्यापासून ३०० मिलिमीटर, पंख्याच्या पात्यांपासून ४०० मिलिमीटर अंतर राखणे आवश्यक आहे.