मलकापुरात खोली भाड्याने देताना

कराडलगतच्या मलकापुरात कृष्णा रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालयामुळे विद्यार्थी, परिचारिका, नोकरदार खोल्या शोधत येतात. भाडेकरू मिळाला, तरी तोंडी बोलीवर किल्ली देऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल, तर अटींच्या वादात उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरतात. लीव्ह अँड लायसन्स (परवाना) कराराची मुदत संपूनही जागा न सोडल्यास कलम २४ प्रमाणे दुप्पट शुल्क मागता येते. अनामत किती, वीजबिल नि रंगरंगोटी कोणाकडे, हे करारातच लिहा. भाड्यातून रिकामे महिने, घरपट्टी, दुरुस्ती वजा जाता उरेल तेच खरे उत्पन्न. खोलीसाठी कर्ज घेणार असाल, तर त्याचा हप्ता या उत्पन्नावरूनच ठरवा.