कटभर चहाचे माप
अभ्यास आणि शरीर : लेखांक ६

मागच्या लेखात झोपेचा विचार झाला. आता ती पुढे ढकलण्यासाठी आपण जे पितो त्याकडे वळू. इंदूरच्या भंवरकुआँ भागात राज्य लोकसेवा, बँक आणि कर्मचारी निवड परीक्षांची तयारी करणारी मुलेमुली खोल्या घेऊन राहतात. मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचे मुख्यालयही याच शहरात आहे. इथल्या टपऱ्यांवर चहा छोट्या ग्लासात मिळतो, त्याला ‘कट’ म्हणतात. जास्त कॅफिन म्हणजे जास्त अभ्यास, अशी एक समजूत या मुलांमध्ये घट्ट आहे. ती चुकीची आहे. मन एका जागी बसायला जेवढे कॅफिन लागते तेवढे एकदोन कटांत मिळते. पुढे बिघडते ते कटांच्या संख्येमुळे आणि घड्याळामुळे.

आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन साचत जाते. ते पेशींवरच्या ठरावीक ग्राहींवर बसले की झापड येऊ लागते. कॅफिन याच ग्राही अडवून ठेवते. म्हणजे ते शक्ती देत नाही, थकव्याचा निरोप तेवढा पोहोचू देत नाही. मात्रा वाढत गेली की एकाग्रता त्या प्रमाणात वाढत नाही. वाढते ते अ‍ॅड्रेनॅलिन, आणि त्याच्यासोबत छातीतली धडधड, बोटांची थरथर, एकच ओळ तीनदा वाचणे. किती कमी मात्रा पुरते हे लीबरमन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये तपासले. त्यांनी ३२ ते २५६ मिलीग्रॅमपर्यंत चार मात्रा दिल्या, आणि अवघ्या ३२ मिलीग्रॅमनेही कानाची सावधानता आणि डोळ्यांचा प्रतिसाद सुधारलेला दिसला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेनुसार १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलीग्रॅम कॅफिन असते, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि फिल्टर कॉफीत ८० ते १२०. चहाचा कट साधारण १५० मिलिलिटरच्या निम्मा धरला तर त्यात १५ ते ३२ मिलीग्रॅम येते. प्रयोगात ज्या मात्रेने फरक पडला ती गाठायला एक कडक किंवा दोन साधे कट पुरे होतात.

ही मात्रा थोडी थोडी घेणे चांगले, यालाही आधार आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दीर्घकाळ जागे ठेवलेल्या पुरुषांना दर तासाला वजनाच्या किलोमागे ०.३ मिलीग्रॅम कॅफिन दिले गेले. नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपेक्षा त्यांचे काम चांगले झाले आणि नकळत डुलकी लागण्याचे प्रसंग कमी झाले. साठ किलोच्या माणसाला हे तासाला १८ मिलीग्रॅम होते, म्हणजे जवळपास एक कट. पण तो प्रयोग ज्यांना जागे राहावेच लागते अशांसाठी होता. विद्यार्थ्याला रात्री झोपायचे असते, आणि पाठ केलेले पक्के होते ते झोपेतच. म्हणून तासागणिक कट हा सल्ला मी देणार नाही. बारा-चौदा कट झाले की पोषण संस्थेने सांगितलेली दिवसाची ३०० मिलीग्रॅमची मर्यादा सहज ओलांडली जाऊ शकते, वर तेवढ्या वेळची साखर वेगळीच.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला असा की, ‘मला दोन कटांनी काहीच होत नाही.’ होत नसेलही. रोजच्या सवयीने शरीर कॅफिनला सरावते. मग सकाळचा पहिला चहा नवी तरतरी देत नाही, रात्रभरात सुरू झालेली त्याची ओढ तेवढी शमवतो. अशाने मात्रा वाढवत नेण्यापेक्षा ती आठवडाभरात हळूहळू उतरवावी. एकदम बंद केल्यास बारा ते चोवीस तासांत डोके धरते आणि चिडचिड काही दिवस टिकते. दुसरा आक्षेप, ‘रात्री कॉफी घेऊनही मला झोप लागते.’ झोप लागते हे खरे, ती किती मिळते हे मात्र झोपणाऱ्याला कळत नाही. २०१३ च्या एका लहान अभ्यासात झोपेच्या सहा तास आधी ४०० मिलीग्रॅम कॅफिन घेतलेल्यांची झोप तासाहून अधिक घटली, आणि त्यांच्या स्वतःच्या नोंदीत ही घट नीट उमटली नाही. कॅफिन शरीरात निम्मे व्हायला सरासरी पाच तास लागतात. इंदूरच्या सराफा बाजारात रात्री दहाला घेतलेल्या कॉफीचा अर्धा अंमल पहाटे तीनला बाकी असतो.

सरासरीवर फार विसंबूही नये. सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरातून कॅफिन जवळपास दुप्पट वेगाने निघून जाते, त्यामुळे सिगारेट सोडल्यावर तेवढाच चहा अधिक चढतो. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रीत ते दुप्पट वेळ रेंगाळते, गरोदरपणात त्याहूनही जास्त. मुळात धास्तावलेल्या स्वभावाला थोड्याशानेही थरथर सुटते. एनर्जी ड्रिंकचा प्रश्न वेगळा आहे. आपल्याकडे अशा पेयात लिटरमागे ३०० मिलीग्रॅमपर्यंत कॅफिनला परवानगी आहे, म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत ७५. तीन-चार कटांचे कॅफिन थंडगार घोटांत दोन मिनिटांत पोटात जाते. मुलांनी आणि गरोदर स्त्रियांनी ते घेऊ नये, ही सूचना बाटलीवरच छापावी लागते.

स्वतःचे माप शोधायचे तर ते सराव परीक्षेच्या दिवसांत शोधावे. पोहे खाऊन, पेपरच्या पाऊण तास आधी एक कट घ्यावा. अंमल चढायला साधारण तेवढा वेळ लागतो. पुढच्या सराव परीक्षेला दोन घेऊन पाहावेत. हात थरथरला किंवा प्रश्न घाईने वाचले गेले, तर एक कट मागे यावे आणि तिथेच थांबावे. बाराला झोपणाऱ्याने शेवटचा कट दुपारी चारच्या आत घ्यावा. आणि खऱ्या परीक्षेच्या सकाळी मित्राने आग्रहाने पुढे केलेली बाटली घेऊ नये. सरावात जे पचले तेवढेच त्या दिवशी प्यावे.