वीस ते एकशेवीस मायक्रॉन

एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकवरील केंद्राची बंदी १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झाली. कान कोरायच्या काड्या, फुग्यांच्या दांड्या, सजावटीचा थर्माकोल, कप, बश्या, चमचे, स्ट्रॉ, मिठाईच्या खोक्यांवरचे पातळ आवरण असे बरेच काही त्या यादीत होते. ज्या वस्तूमुळे हा सगळा वाद उभा राहिला, ती भाजीवाल्याकडची पिशवी मात्र तीत नव्हती. तिच्यासाठी वेगळा नियम आहे आणि तो केवळ जाडीचा आहे.

जाडीचे हे गणित १९९९ पासून मांडले जात आहे. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली त्या वर्षी झालेल्या नियमांनी पिशवीची किमान जाडी २० मायक्रॉन ठरवली. २०११ मध्ये ती ४० झाली, २०१६ मध्ये ५०. २०२१ च्या दुरुस्तीने ती ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० वर नेली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तो मोजण्याचे साधन ना विक्रेत्याकडे असते, ना गिऱ्हाइकाकडे.

यामागे काही तर्कच नव्हता असे नाही. जाड पिशवीला अधिक प्लास्टिक लागते, म्हणून ती महाग पडते. महाग वस्तू दुकानदार सहजी फुकट वाटत नाही आणि कचरावेचकालाही ती उचलणे परवडते. म्हणजे सारा डोलारा किमतीवर उभा होता. २०१६ च्या नियमांत त्यासाठी तरतूदही होती: पिशव्या देणाऱ्या दुकानदाराने स्थानिक संस्थेकडे नोंदणी करून दरमहा ४,००० रुपये, म्हणजे वर्षाला किमान ४८,००० रुपये भरावेत. मार्च २०१८ च्या दुरुस्तीत ही तरतूद वगळण्यात आली. जाडी राहिली, किंमत गेली. या धोरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली.

जनावरांना या तपशिलाशी कर्तव्य नाही. घरातले खरकटे पिशवीत गाठ मारून फेकले जाते आणि रस्त्यावरची गाय गाठ न सोडता पिशवीसकट ते गिळते. प्लास्टिक पचत नाही. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील पहिल्या मोठ्या कप्प्यात ते साचत जाते, त्याचा घट्ट गोळा होतो आणि चाऱ्याला जागा उरत नाही. भरल्या पोटी जनावर खंगत जाते. शस्त्रक्रिया करून तो गोळा काढता येतो, पण मोकाट गाईच्या वाट्याला ती क्वचितच येते. आंध्र प्रदेशातील करुणा सोसायटीने याच प्रश्नावर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. पिशव्यांवरील संपूर्ण बंदीचा विचार झाला नाही, तर पुढच्या पिढीपुढे अणुबॉम्बहून गंभीर संकट उभे राहील, अशा आशयाचे उद्गार तेव्हा न्यायालयाने काढले होते. २०१६ मध्ये याचिका निकाली निघाली, संपूर्ण बंदी आली नाही. उत्तराखंडात कोटद्वार परिसरातील जंगली हत्तींच्या शेणातही प्लास्टिक आढळल्याचे संशोधन २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. कचऱ्याचे ढीग जंगलाच्या कडेला गेले, की गाईचे दुखणे हत्तीलाही जडते.

राजकीय इच्छाशक्ती कुठवर पोहोचते, हे २०१९ मध्ये दिसले. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी प्लास्टिकमुक्तीची हाक दिली. सप्टेंबरमध्ये मथुरेत ते कचरा वेगळा करणाऱ्या महिलांसोबत जमिनीवर बसले. २ ऑक्टोबरला बंदी जाहीर होईल अशी हवा होती, प्रत्यक्षात ती झाली नाही. मंदावलेल्या अर्थव्यवस्थेत लघुउद्योगांना दुखावण्याची सरकारची तयारी नव्हती, असाच अर्थ त्यातून निघतो.

महाराष्ट्राचा अनुभव निराळा नाही. २६ जुलै २००५ च्या पावसात तुंबलेल्या गटारांचे खापर पिशव्यांवर फुटले आणि राज्याने बंदी घातली, पण २००६ च्या नियमांत ५० मायक्रॉनची वाट मोकळी झाली. २०१८ ची बंदी अधिक कडक होती. पहिल्याच गुन्ह्याला ५,००० रुपये दंड होता. २३ जूनला अंमल सुरू झाला आणि आठवडाभरात किराणा दुकानदारांच्या वेष्टनाला सूट मिळाली. याउलट तमिळनाडूतील निलगिरी जिल्ह्याने या शतकाच्या प्रारंभीच पिशवीवरच बंदी आणली. घाटरस्ते मोजके असल्याने नाक्यांवर तपासणी शक्य झाली. दिल्लीच्या सीमेवर हे जमणारे नाही, हेही मान्य करावे लागेल.

या विषयावर संसदेने आजवर स्वतंत्र कायदा केलेला नाही. सारा कारभार नियमांवर चालतो. मंत्रालयाची अधिसूचना निघते आणि मग ती दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवली जाते. मूळ अधिनियमात पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती बदलून १०,००० ते १५ लाख रुपयांपर्यंतचा आर्थिक दंड आणला. १ एप्रिल २०२४ पासून तो लागू आहे. हा दंड ठरवणारा निवाडा अधिकारी भारत सरकारच्या सहसचिवाहून किंवा राज्याच्या सचिवाहून कमी दर्जाचा असून चालत नाही. चांदणी चौकातल्या फेरीवाल्याची पिशवी केंद्रीय कायद्याच्या कक्षेत आणायची झाली, तर तिची फाइल तिथवर न्यावी लागेल.